तिकिटातला इंधन अधिभार एजंटाने उडवून द्यावा का?

तिकीटखिडकी

कोल्हापुरात माझं विमान तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. २३ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात १५ वर्षांपासूनचं एक गिऱ्हाईक तुटलं आणि तेव्हापासून डोक्यातून विषय जात नाही, म्हणून इथे मांडतोय.

घर ओळखीचं. मुलगी अमेरिकेत, आई-बाबा पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी जाणार. मुलगा पुण्याला असतो, पैसे तोच भरणार. मुंबई ते न्यूअर्क, युरोपातून, येऊन-जाऊन असं तिकीट मी बघून दिलं. माणशी १ लाख ९ हजार. त्यात बेसिक म्हणजे मूळ भाडं ५४ हजार, वाय-क्यू म्हणजे इंधन अधिभार ३९ हजार, बाकी विमानतळांची फी, जीएसटी वगैरे.

दोन तासांनी मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या कुणाचा तरी भाव पाठवला. तीच विमानकंपनी, त्याच तारखा, माणशी ८१ हजार. मी तिकिटाचा आराखडा मागवून घेतला. मुंबईला परत आल्यावर चार महिन्यांनी तिसऱ्याच देशातल्या दोन शहरांमधला, तिसऱ्याच कंपनीचा एक छोटा सेक्टर, म्हणजे उड्डाणाचा टप्पा, शेवटी जोडलेला होता. आई-बाबांचा त्या गावांशी काही संबंध नाही. तो सेक्टर उडायचाच नाही, सोडून द्यायचा. पण तो जोडला की भाड्याची गणना करणाऱ्या यंत्रणेत वाय-क्यूचा नियम नीट लागत नाही आणि अधिभाराचा मोठा हिस्सा गळून पडतो. आमच्या धंद्यात हे बऱ्याच जणांना माहीत आहे.

मुलाने विचारलं, "काका, तुम्हाला हे येत नाही का?" मी म्हटलं, येतं, पण मी करणार नाही. तो म्हणाला, "मग ५६ हजार जास्त मी का भरू?" मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही.

ऑफिसात माझा भाचा असतो, तो माझ्यावर नाराज आहे. त्याचं म्हणणं, कंपन्यांनी आपलं कमिशन ९ टक्क्यांवरून ७, मग ५ आणि २००८ च्या नोव्हेंबरात शून्यावर आणलं, तेव्हा त्यांनी कुठली नीती पाळली होती? मामा, तू कुणाची बाजू घेतोयस?

मला खरंच जाणून घ्यायचंय. प्रवासी, एजंट, कायद्यातले, सगळ्यांनी लिहा.

माजी_काउंटर

मी ११ वर्षं एका विमानकंपनीच्या काउंटरवर आणि नंतर भाडे-तपासणी विभागात काम केलं. ज्यांना वाय-क्यू म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं लिहिते.

तिकिटाच्या 'टॅक्स' रकान्यात दोन अक्षरांचे बरेच कोड असतात. के-३ म्हणजे जीएसटी, पी-२ म्हणजे विमानतळ सुरक्षेची फी, आयएन म्हणजे विमानतळाची यूडीएफ, विमानतळाच्या विकासासाठी प्रवाशाकडून घेतात ती फी. हे पैसे कंपनी गोळा करते आणि पुढे देते. वाय-क्यू आणि वाय-आर मात्र त्याच रांगेत बसूनही कर नाहीत. ते पैसे विमानकंपनीकडेच राहतात. प्रवासी रकाना बघतो आणि समजतो की सरकारने घेतले. माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

२००४ च्या सुमारास तेल महागायला लागलं तेव्हा लांब पल्ल्याच्या तिकिटांवर हा अधिभार सर्रास दिसू लागला. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, तेव्हा कुणी तक्रार केली तर आम्ही वर्तमानपत्रातली बातमी दाखवायचो. जानेवारी २०१६ मध्ये तेच तेल ३० डॉलरच्या खाली आलं. अधिभार गेला का? बऱ्याच कंपन्यांनी नाव बदलून 'कंपनीने लावलेला आकार' असं केलं आणि रक्कम चालू ठेवली.

कारण इंधन नव्हतंच फक्त. एजंटाचं कमिशन बेसिकवर, कॉर्पोरेट सवलत बेसिकवर, लहान मुलांची सवलत बेसिकवर, माइल्स, म्हणजे प्रवासातून साठलेले गुण, देऊन काढलेल्या तिकिटात माफ होतं ते बहुतेक वेळा बेसिकच. जे बेसिकमधून काढून वाय-क्यूमध्ये टाकलं ते या सगळ्यातून सुटलं. भाडं ५४ आणि अधिभार ३९, असं प्रमाण निव्वळ इंधनाच्या किमतीने होत नाही.

तिकीटखिडकी, तुमचं नाही म्हणणं मला पटतं. पण कंपनीची बाजू न्यायाची आहे म्हणून नव्हे. कारण दुसरं आहे, ते नंतर लिहिते, आत्ता स्वयंपाक राहिलाय.

हिशेबी

मी उलट बाजूने लिहितो, आणि मनापासून लिहितो.

हा अधिभार ठरवताना कंपन्या किती प्रामाणिक होत्या ते आधी बघा. ऑगस्ट २००४ ते जानेवारी २००६ या काळात ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक एकमेकांशी बोलून लांब पल्ल्याच्या प्रवासाचा इंधन अधिभार ठरवत होत्या. परतीच्या तिकिटामागे ५ पौंडांवरून तो ६० पौंडांवर गेला. व्हर्जिनने स्वतःच जाऊन सांगितलं म्हणून ती सुटली. २००७ मध्ये ब्रिटिश एअरवेजला ब्रिटनमध्ये १२ कोटी १५ लाख पौंडांचा दंड जाहीर झाला (२०१२ मध्ये तो ५ कोटी ८५ लाखांवर आला) आणि अमेरिकेत ३० कोटी डॉलरचा.

आपल्याकडे मालवाहतुकीच्या इंधन अधिभारावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये जेट, इंडिगो आणि स्पाइसजेट या तिघांना मिळून जवळपास २५८ कोटींचा दंड केला. अपिलात तो आदेश रद्द झाला, प्रकरण परत आयोगाकडे आलं आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा दंड झाला, रक्कम कमी, एकूण सुमारे ५४ कोटी. तेल स्वस्त झालं तरी अधिभार त्या प्रमाणात उतरत नव्हता, हाच तर मुद्दा होता.

आता मला सांगा. तिकिटाच्या किमतीचे नियम कंपनीनेच लिहिले. कंपनीच्याच यंत्रणेने ८१ हजार हा आकडा काढला, पैसे घेतले, तिकीट दिलं. कुणाच्या खिशातून काही काढलं नाही, खोटी कागदपत्रं केली नाहीत. मी दुकानात 'दोनवर एक फुकट' घेऊन तिसरं वापरलं नाही तर मी चोर का? विकत घेतलेला सेक्टर उडायचा की नाही हा माझा प्रश्न. निवृत्त माणसाला ५६ हजार म्हणजे दोन महिन्यांचं पेन्शन असतं. ते वाचवण्याची विद्या एजंटाला येते आणि तो ती गिऱ्हाइकासाठी वापरत नाही, तर तो नक्की कुणाचा एजंट?

तिकीटखिडकी

हिशेबी, शेवटचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला. कायद्याने बघाल तर मी विमानकंपनीचा एजंट. मनाने बघाल तर समोर बसलेल्या माणसाचा. २३ वर्षं या दोन खुर्च्यांवर बसतोय.

पैशाची बाजू सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. मी मुंबईच्या कन्सॉलिडेटरमार्फत, म्हणजे छोट्या एजंटांना तिकिटं काढून देणाऱ्या मोठ्या एजंटामार्फत, तिकीट इश्यू करतो. कंपनीला नंतर असा प्रकार सापडला की ती एडीएम काढते, म्हणजे एजंटाच्या नावे वसुलीची चिठ्ठी. प्रवास संपल्यावर नऊ महिन्यांपर्यंत ती येऊ शकते. कन्सॉलिडेटर ती माझ्या खात्यातून वळती करून घेतो. म्हणजे आज ५६ हजार वाचवून दिले, गिऱ्हाइकाने पेढे दिले, आणि पुढच्या दिवाळीत तेच ५६ हजार आणि वर दंड माझ्याकडून गेला. काही एजंट मग गिऱ्हाइकाच्या मागे लागतात, काही नंबर बदलतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या माणसाला ऑफिस नाही, पाटी नाही. तो दुसऱ्या प्रकारचा.

पण एवढंच कारण असतं तर मी इथे आलो नसतो. धोका फक्त माझा असता तर कदाचित एखाद्या जवळच्या माणसासाठी घेतलाही असता. खरं बोलतोय.

नाशिककन्या

हा धागा वाचून हात थरथरले. आमच्या बाबतीत हेच झालंय, मागच्या वर्षी. कंपनीचं किंवा एजंटाचं नाव लिहीत नाही.

मी परदेशात, आई-बाबा नाशिकला. तिकीट मी इथून सांगून एका ओळखीतल्या ओळखीच्या एजंटाकडून काढलं. ३१ हजार वाचले म्हणून मी खूश. शेवटी एक जादा सेक्टर होता. एजंट म्हणाला, "ताई, त्याकडे लक्ष देऊ नका, तो फक्त कागदावर." मी लक्ष दिलं नाही.

मुंबई विमानतळावर रात्री दीड वाजता काउंटरवरच्या मुलीने बाबांना विचारलं, हा शेवटचा प्रवास कसला, त्या देशाचा व्हिसा आहे का? एजंटाने बाबांना आधीच पढवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर सांगा तिथे पुतण्या असतो. मला हे माहीत नव्हतं. माझे बाबा ३४ वर्षं शाळेत गणित शिकवत होते. ते तिथे उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य निघेना. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही." चाळीस मिनिटं त्यांना बाजूला उभं केलं. आई ट्रॉलीवर बसून रडत होती. अखेर सोडलं, पण बाबा इथे पोचल्यावर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

परतीला कंपनीने वेळ बदलली, विमान साडेतीन तास अलीकडे आलं. मेल एजंटाच्या मेल आयडीवर गेला, कारण बुकिंगमध्ये त्याने स्वतःचाच आयडी आणि नंबर घातला होता. कंपनीने प्रवाशाला थेट गाठू नये म्हणूनच घालतात, हे मला नंतर कळलं. आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा विमान गेलेलं होतं. काउंटरवर सांगितलं, तिकीट नव्याने करायचं तर आजच्या भाड्याने, सगळ्या अधिभारासह. एजंटाचा फोन बंद. मी कार्ड दिलं. वाचलेल्या ३१ हजारांच्या दुपटीहून जास्त गेले.

पैशाचं दुःख नाही आता. बाबांना मी त्या काउंटरवर खोटं बोलायला उभं केलं, हे जात नाही मनातून.

माजी_काउंटर

नाशिककन्या, मी काल जे लिहिणार होते ते तुम्ही लिहिलंत.

मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला होते. अशी माणसं माझ्यासमोर उभी राहिलेली आहेत. त्यांना काही माहीत नसायचं आणि माझ्या पडद्यावर सगळं दिसायचं. शेवटचं ठिकाण कुठलं ते बघून कागदपत्रं तपासणं हे काउंटरचं कामच आहे, कारण कागदपत्रं नसलेला प्रवासी नेला तर दंड कंपनीला होतो. त्या मुलीने मुद्दाम छळलं असेल असं मला वाटत नाही.

हिशेबींच्या दुकानाच्या उदाहरणाबद्दल. दुकानातून वस्तू घेऊन तुम्ही घरी गेलात की व्यवहार संपला. विमानाचं तिकीट घेतल्यावर व्यवहार सुरू होतो. धुकं पडतं, संप होतो, विमान बदलतं, सामान चुकतं, माणूस आजारी पडतो. दर वेळी कुणीतरी ते तिकीट उघडून बघणार असतं. सरळ तिकीट असेल तर काउंटरवरचा माणूस चार बटणं दाबून दुसरं विमान देतो. वाकडं तिकीट असेल तर त्याचेही हात थबकतात.

राईनकाठी

मी जर्मनीत राहते, इथला अनुभव थोडा वेगळा म्हणून लिहिते. 'अधिभार टाळणं' हा शब्द आपण तीन-चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतोय असं वाटतं.

लुफ्थान्साने १ सप्टेंबर २०१५ पासून जीडीएसमधून, म्हणजे एजंट वापरतात त्या अमाडेउससारख्या यंत्रणेतून काढलेल्या तिकिटावर १६ युरोचा वेगळा आकार लावला. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर काढलं तर तो नाही. मग ब्रिटिश एअरवेज आणि इबेरियाने २०१७ च्या नोव्हेंबरात, एअर फ्रान्स-केएलएमने २०१८ मध्ये तसंच केलं. एजंट लोकांनी तेव्हा खूप आरडाओरडा केला. त्यांना वाटलं, आपल्याला बाजूला करायला हा आकार आहे, आणि त्यात तथ्य होतं.

आमच्या गावातला म्हातारा एजंट काय करतो? समोर दोन किमती लिहून ठेवतो. "माझ्या यंत्रणेतून काढलं तर एवढे, काही बिघडलं तर मी रात्रीही बदलून देऊ शकतो. कंपनीच्या साइटवरून तुमच्याच कार्डाने काढून दिलं तर एवढे, माझी फी वेगळी, पण बदल तुम्हालाच करावे लागतील." हेही अधिभार टाळणंच आहे, आणि यात मला तसूभरही गैर वाटत नाही. कंपनीनेच ठेवलेला दुसरा दरवाजा आहे तो, आणि गिऱ्हाइकाला सगळं उघड सांगितलंय.

मग तिसरा प्रकार, मधल्या गावी उतरून शेवटचा टप्पा सोडण्याचा. इथे लुफ्थान्साने एका प्रवाशावर दावा लावला होता. त्याने ऑस्लो-फ्रँकफर्ट-सिएटल असं परतीचं तिकीट काढलं, येताना फ्रँकफर्टला उतरला आणि ऑस्लोला गेलाच नाही. कंपनीने २,११२ युरो मागितले. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दावा फेटाळला, फरकाची रक्कम कशी काढली ते अटींमधून ग्राहकाला समजत नाही म्हणून. अमेरिकेत उलट. असे टप्पे शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या साइटवर अमेरिकन एअरलाइन्सने २०२३ मध्ये दावा केला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात टेक्ससमधल्या ज्यूरीने ९४ लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं, तीही कंपनीचा लोगो वापरल्याबद्दल, म्हणजे कॉपीराइटवरून.

बघा, स्वतःसाठी टप्पा सोडणारा प्रवासी सुटला आणि ते विकून कमावणारा, लोगोवरून का होईना, अडकला. प्रकरणं वेगळी, देश वेगळे, तरी मला हा फरक विचार करण्यासारखा वाटतो.

समुद्रपक्षी

मर्चंट नेव्हीत आहे, रत्नागिरीचा. आमच्या क्षेत्रातला प्रकार सांगतो.

खलाशांसाठी 'मरीन फेअर' असतं. सामान जास्त, रद्द करताना कापाकापी कमी, कारण जहाजाची तारीख कधीही बदलते. त्यासाठी सीडीसी, म्हणजे खलाशाचं अधिकृत ओळखपुस्तक, आणि कंपनीचं पत्र लागतं. मुंबईत काही एजंट हे भाडं साध्या प्रवाशांना विकतात. गेल्या खेपेला माझ्या पुढे रांगेत एक जोडपं होतं, दुबईला नोकरीसाठी निघालेलं. काउंटरवर सीडीसी मागितली. त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. त्यांना रांगेतून काढलं, पुढे काय झालं कळलं नाही.

विद्यार्थी भाडं, सैनिक भाडं यांचंही हेच होतं. आणि उद्या कंपन्या म्हणतील, गैरवापर होतो म्हणून मरीन फेअरच बंद. तेव्हा भुर्दंड आम्हाला. तेव्हा 'कुणाचंही नुकसान नाही' हे मला मान्य नाही.

वकीलवाडी

कायद्याचं थोडं, जेवढं सामान्य प्रवाशाला उपयोगी तेवढंच.

एक, डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परताव्याच्या नियमांनुसार तिकीट रद्द केल्यावर कंपनी जास्तीत जास्त बेसिक अधिक इंधन अधिभार एवढंच कापू शकते. वैधानिक कर आणि यूडीएफसारखी विमानतळाची फी परत द्यावीच लागते, बेसिक 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी, आणि प्रवासी विमानतळावर आलाच नाही तरीही. म्हणजे अधिभार हा कर नाही, हे इथे नियमच सांगतो. अधिभार जितका मोठा तितकी कापण्याची मुभा मोठी, हेही लक्षात घ्या.

दोन, एजंटामार्फत घेतलेल्या तिकिटाचा परतावा देण्याची जबाबदारी विमानकंपनीची, कारण एजंट तिचा नेमलेला प्रतिनिधी. "एजंटाकडे जा" म्हणून हात झटकता येत नाहीत. पण हे नेमलेल्या एजंटाबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवरचा विक्रेता कुणाचा प्रतिनिधी, हे सिद्ध करताना अशिलाच्या नाकी नऊ येतात.

तीन, जादा सेक्टर जोडून तिकीट काढणं हा प्रवाशाचा फौजदारी गुन्हा आहे असं कुणी घाबरवत असेल तर विश्वास ठेवू नका. तो कंपनीबरोबरच्या कराराच्या अटींचा प्रश्न आहे. पण खोटी सीडीसी किंवा खोटं विद्यार्थी ओळखपत्र दाखवलं तर ती बनावट कागदपत्रं झाली, तिथे विषय पूर्ण वेगळा.

हिशेबी

नाशिककन्या, तुमच्या बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी जे लिहिलं त्यात हे चित्र माझ्या डोळ्यासमोर नव्हतं.

तरी माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. वकीलवाडी म्हणतात तो परतावा घ्या. किती एजंट न उडलेल्या तिकिटाची यूडीएफ आणि कर गिऱ्हाइकाला परत देतात? "नॉन-रिफंडेबल आहे" म्हणून सांगतात आणि कंपनीकडून आलेले पैसे स्वतःकडे ठेवतात. तिकीटखिडकी, राग मानू नका, पण अधिभाराच्या वेळी नीती आणि परताव्याच्या वेळी मौन, असं होत नाही ना?

आणि इंधन अधिभार उघडपणे लावता येतो हेही आपण बघितलंय. इंडिगोने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरानुसार लावला होता, ५०० किलोमीटरपर्यंत ३०० रुपये, ३,५०० च्या वर १,००० रुपये. विमान इंधन स्वस्त झाल्यावर ४ जानेवारी २०२४ पासून काढून टाकला. आकडे जाहीर, कारण जाहीर. लांब पल्ल्याच्या कंपन्या असं वागल्या असत्या तर मी पहिली पोस्ट लिहिलीच नसती.

तिकीटखिडकी

राग नाही. उलट विचारलंत ते बरं केलंत.

सुरुवातीच्या वर्षांत मी न मागणाऱ्याला तो परतावा दिलेला नाही. रक्कम छोटी असायची, चारशे-सहाशे, आणि सगळेच तसं करायचे. ऑगस्ट २०१६ मध्ये परताव्याचे सुधारलेले नियम आले तेव्हा बसून वाचले आणि लाज वाटली. तेव्हापासून न उडलेल्या प्रत्येक तिकिटाचा परतावा मी स्वतःहून लावतो, माझी ठरलेली फी वजा करून, पावतीसह. कमिशन गेलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता कुठून तरी भरून काढायला हवं. फी मागायची लाज वाटायची म्हणून लपवून घ्यायचो. आज माझ्या काउंटरवर फीचा कागद चिकटवलेला आहे. परदेशी तिकिटाला माणशी ७५० रुपये. कुणी घासाघीस करतं, कुणी उठून जातं.

तुमचं म्हणणं की गिऱ्हाइकाला सगळं सांगून, लेखी संमती घेऊन केलं तर काय हरकत? (तुम्ही असं थेट लिहिलं नाहीत, पण माझा भाचा हेच म्हणतो.) दोन दिवस मी त्यावरच विचार केला. आणि नाशिककन्येची पोस्ट वाचल्यावर मला गाठ सापडली. संमती कुणाची घेऊ? पैसे देणारा पुण्यात. ५६ हजार त्याचे वाचणार. काउंटरवर उभं राहणार ७० वर्षांचे बाबा. मुलाला इंग्रजी येतं, फोन येतो, उद्या अडलं तर त्याच्याकडे कार्ड आहे. बाबांकडे यातलं काहीच नाही. मुलाची सही घेऊन मी बाबांना धोक्यात घालायचं, ही संमती मला संमती वाटत नाही.

एखादा तरुण माझ्याकडे आला, स्वतः उडणारा, सगळं समजणारा, आणि म्हणाला की मला हे हवंय, तर? तरी मी काढून देणार नाही, कारण मी कंपनीशी करार केलाय आणि त्या खात्यावर माझं पोट आहे. पण त्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही. तो स्वतःच्या जिवावर खेळतोय.

राईनकाठी

यात एक भर. एजंटाची खरी विद्या जादा सेक्टर जोडण्यात आहे असं मला वाटत नाही. सगळ्या कंपन्यांचा अधिभार सारखा नसतो, सगळ्या देशांतून निघताना सारखा नसतो. हाँगकाँगमध्ये फेब्रुवारी २०१६ ते ऑक्टोबर २०१८ तो लावताच येत नव्हता. जपानी कंपन्या दर दोन महिन्यांनी इंधनाच्या सरासरीवरून तक्ता जाहीर करतात, म्हणून तिथे राहणारी आमची मंडळी तक्ता बघून तिकीट आधी काढायचं की थांबायचं ते ठरवतात. तिकीटखिडकी, त्या कुटुंबासाठी दुसरी वाट बघितली होतीत का?

तिकीटखिडकी

नव्हती बघितली. हे मला टोचलं. मुलाने युरोपातून हवं म्हटलं आणि मी तेवढंच बघितलं. वाकडं तिकीट नाकारलं, पण सरळ स्वस्त तिकीट शोधायची मेहनतही घेतली नाही.

मुळशीकर

मी फक्त वाचत होतो. एक विचारायचंय. विमान इंधनावरचा कर महाराष्ट्राने कमी केला होता ना? मग भाडं का उतरत नाही?

माजी_काउंटर

मुळशीकर, हो. विमान इंधन अजून जीएसटीच्या बाहेर आहे, राज्यं व्हॅट लावतात. २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्के केला. पण त्याचा संबंध मुख्यतः देशांतर्गत उड्डाणांशी. मुंबई-न्यूअर्कच्या वाय-क्यूशी तो जोडू नका.

तिकीटखिडकी

काय झालं ते सांगतो, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून.

काल त्या घरातल्या बाबांचा फोन आला. तिकिटाचं नव्हे, व्हीलचेअर कशी सांगायची ते विचारायला. व्हॉट्सअ‍ॅपवाला फोन उचलत नाही म्हणाले. मी विचारलं, पैसे भरलेत का? म्हणाले, मुलगा आज संध्याकाळी भरणार आहे. मग मी सांगितलं की तुमच्या तिकिटात शेवटी एक जादा प्रवास आहे, तो का आहे, आणि काउंटरवर कुणी विचारलं तर तुम्हाला काय उत्तर द्यावं लागेल. मुलाच्या पाठीमागे सांगतोय याचं ओझं वाटत होतं, पण उडणार ते आहेत.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी तिथे जाणार नाही आणि जाणार म्हणून सांगायचं?" मी म्हटलं, हो, तसंच. ते म्हणाले, "मुलाशी बोलतो."

रात्री मुलाचा फोन आला. चिडलेला होता. मी त्याला म्हटलं, चूक माझीही आहे, मी तुला एकच वाट दाखवली. आणि तीन पर्याय पाठवले. आखातातल्या एका कंपनीचं, अधिभार निम्म्याहून कमी, मधला थांबा दोन तासांनी जास्त, माणशी ९३ हजार. ८१ नाही, पण १ लाख ९ ही नाही. तो म्हणाला, "थांबा जास्त आहे, आईचे गुडघे दुखतात." मी म्हटलं, थांबा जास्त आहे म्हणूनच व्हीलचेअरला घाई होणार नाही. आज दुपारी तिकिटं इश्यू झाली. फी ७५० प्रमाणे दोघांचे १,५०० घेतले, पावती दिली.

भाचा अजून पूर्ण पटलेला नाही. पण तिकीट त्यालाच करायला लावलं.

नाशिककन्या

वाचून खूप बरं वाटलं. बुकिंगमध्ये फोन आणि मेल कुणाचा घातलात? आणि व्हीलचेअर परतीचीही सांगितलीय ना? आमची राहून गेली होती.

तिकीटखिडकी

मेल मुलीचा, मोबाइल बाबांचा आणि मुलाचा, दोन्ही. व्हीलचेअर जाताना टाकली होती. परतीची राहिली होती, तुमची पोस्ट वाचून आत्ता टाकली. चारही सेक्टरला कन्फर्म दिसतेय.